गाळलेला शब्द

चहा उतू गेला तरी बाईंना पत्ता नव्हता. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात फोन, आणि अंगठा आपला सवयीने चाललेला: मंजूर, मंजूर, मंजूर. चहाला उकळी येईपर्यंत ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया उरकायच्या, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. त्यात वाचण्यासारखं असतं तरी काय म्हणा! 'छान उपक्रम बाई.' 'आमच्या वर्गात हाच पाठ घेतला, मुलं खूश.' 'चौथीसाठी पण असंच काही द्या ना.' कुणी फुलं टाकतं, कुणी नुसतेच हात जोडतं. आपण मंजूर म्हटलं की ते सगळं पाठाखाली दिसायला लागतं आणि त्या पाठाखाली आधी ज्यांनी लिहिलेलं असतं त्यांना मेलने जाऊन पोचतं. आजही अंगठ्याने आपलं काम केलं आणि डोळ्यांनी मागाहून वाचलं. 'शब्द गाळला नव्हता. मी तपासलं होतं.' एवढंच. खाली नाव नाही, गाव नाही. गॅसवर चहा फसफसून ओट्यावर आला आणि करपल्याचा वास सुटला, तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

पाठ कुठला ते आठवायचीसुद्धा गरज नव्हती, कारण बाईंचा सगळ्यात गाजलेला पाठ तोच. ब्लॉगचं नाव 'गाळलेल्या जागा'. पाचवीतली पोरं ज्या चुका करतात त्यांतली एक निवडायची, तेवढ्याच ओळीचा फोटो काढायचा, नाव झाकायचं आणि 'आजची चूक' म्हणून हसतखेळत शिकवायचं. सुरुवातीला शिक्षकखोलीत चेष्टाच झाली. 'आता बाई पोरांच्या चुका दोरीवर वाळत घालणार,' असं गणिताचे सर म्हणाले होते. पण बघता बघता कुठकुठल्या शाळांतले शिक्षक तो वाचायला लागले, पाठ छापून भिंतीवर लावायला लागले, आणि हेच सर पाहुण्यांना 'आमच्या बाईंचा ब्लॉग' म्हणून सांगायला लागले. त्या दिवशी निबंध होता 'माझी संध्याकाळ'. वर्गात एक पोर आहे, अक्षर इतकं बारीक की कागदावरून मुंग्या चालल्यात असं वाटावं. म्हणून बाईंनीच लाडाने तिचं नाव मुंगी ठेवलेलं. मुंगीने लिहिलं होतं, 'बाबा दुकानातून आले की आधी मला मारतात, मग हातपाय धुतात.' बाईंना खुदकन हसू आलं. अगं वेडे, 'मिठी' राहिली की! त्यांनी लाल पेनाने 'मला' आणि 'मारतात' यांच्या मध्ये काकपद काढलं, म्हणजे राहिलेला शब्द वर घालायची ती कावळ्याच्या पायासारखी खूण, आणि तिच्या डोक्यावर लिहिलं: मिठी. मग ब्लॉगवर काय बहार उडवून दिली! आपल्या भाषेत माणूस मारल्याशिवाय काही करतच नाही: हाक मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, शाळेला दांडी मारतो, फरशी पुसायच्या आधी झाडू मारतो. एक शब्द गाळलात की प्रेमळ बापावर केवढा आळ! म्हणून मुलांनो, लिहून झालं की वाचा, आणि शब्द राहिलाच तर कावळ्याला बोलवा. त्या पाठाखाली प्रतिक्रियांचा नुसता पाऊस पडला. त्यात एक मुंगीच्या बाबांचीही होती. 'आमच्याच घरचं वाक्य! लेकीच्या वेंधळेपणातून सगळ्यांना धडा मिळाला. बाई, आभार.' म्हणजे आज सकाळी बाईंच्या अंगठ्याने धाडलेली ती ओळ त्यांनाही पोचली होती.

बाईंनी ती प्रतिक्रिया पुसली. लगेच पुसली. पण ब्लॉगवरून पुसलेलं मेलमधून थोडंच पुसलं जातं? तोंडातून गेलेला शब्द आणि अंगठ्याखालून गेलेला, दोघांची जात एकच. 'काय गं, तोंड का उतरलंय? कुणाचं काही झालं का?' नवऱ्याने पेपरातून मान वर करून विचारलं. 'काही नाही. चहा उतू गेला,' बाई म्हणाल्या. 'चहाच गेलाय ना? जीव नाही ना गेला कुणाचा?' असं म्हणून तो हसला आणि पुन्हा पेपरात शिरला. रोजचाच विनोद. आज तो ऐकून बाईंनी फोन पालथा ठेवला. ओटा पुसताना फडक्यातून हाताला चटका बसला, तोही त्यांना उशिराच कळला.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. एरवी बाई त्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत, चुका हेरत जायच्या आणि मनातल्या मनात प्रत्येक पाटीवर लाल पेन चालवायच्या. आज पाट्या नुसत्या मागे जात होत्या. असतात हो असले उद्योगी लोक, त्या स्वतःला समजावत होत्या. दुसऱ्याचं नाव झालेलं बघवत नाही, मग टाकतात एखादा खडा. गणिताच्या सरांचाच चावटपणा असेल. नाहीतर कुणी रिकामटेकडा. पण त्या ओळीला पूर्णविराम होते. दोन वाक्यं, दोन्हींना पूर्णविराम. फोनवर पूर्णविराम देतं कोण? मोठमोठे हुद्देवालेसुद्धा देत नाहीत. आणि 'तपासलं होतं' हा शब्द! लिहून झालं की एकेका शब्दावर बोट ठेवत, ओठ हलवत तपासणारं पोर बाईंच्या वर्गात एकच. इतर मुलं वही फेकून पळतात, ही मात्र बोट शेवटच्या शब्दापर्यंत नेते, परत पहिल्यावर आणते आणि मगच वही देते. त्या वहीत पूर्ण वर्षात एक शब्द गाळलेला बाईंनी पाहिला नव्हता. हे त्या दिवशी का आठवलं नाही? जिने कधी काही गाळलंच नाही, तिने नेमका 'मिठी' गाळला, हे आपल्याला इतक्या सहज कसं पटलं?

पटलं, कारण बाईंचे स्वतःचे बाबा. ते टाइपरायटर दुरुस्त करायचे. बोटांना यंत्राच्या तेलाचा वास, खिशात छोटासा ब्रश. संध्याकाळी जिन्यावर त्यांच्या चपलांची ढब ऐकली की ही पोरगी दार उघडून उभीच. आधी मिठी, मग हातपाय धुणं. आई ओरडायची, 'अहो, तेलाचे हात! फ्रॉकचं वाटोळं करा तुम्ही दोघं मिळून.' बाबा म्हणायचे, 'हात धुईपर्यंत हिचा धीर कसा निघेल?' ते वाक्य, तो वास, पाठीवर फिरणारा तो जाड पंजा इतका पक्का होता की दुसऱ्या कुणाचा बाबा दुसरं काही करत असेल हे बाईंच्या डोक्यात शिरलंच नाही. त्यांनी वाक्य दुरुस्त केलं नव्हतं. आपले बाबा उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवले होते. जन्मभर ज्या माणसाच्या आठवणीने ऊब मिळाली, त्याच्याच आडून एका पोरीचं ओरडणं आपल्याला ऐकू आलं नाही, हे आत्ता, बसमध्ये कळलं. आणि वर पुन्हा वर्गात तोंडी सराव! 'संध्याकाळी बाबा काय मारतात?' 'मिठीऽऽ!' अख्खा वर्ग ओरडला होता. मुंगीही ओरडली असणार. तोंड उघडलेलं बाईंना आठवत होतं. आवाज आठवत नव्हता.

शाळेत पोचल्या त्या थेट वर्गातच. वर्गात आधी दुसऱ्या बाकाकडे नजर गेली. मुंगी आली होती. दप्तर मांडीवर, बसणं नेहमीसारखं बाकाच्या अगदी कडेला, जणू बाक दुसऱ्या कुणाचा आहे. चालण्याबोलण्यात काही वेगळं नव्हतं. म्हणजे बाबांनी अजून वाचलेलं नाही, बाईंनी मनाशी धरलं. ते फोन बघतात ते दुकानात पोचल्यावर, गिऱ्हाईक नसताना. त्यांचं दुकान चष्म्यांचं, शाळेच्या पुढच्याच चौकात. शाळा सुटली की तेच मुलीला घरी पोचवून परत दुकानात जातात, सुट्टीच्या घंटेला फाटकात हजर. म्हणजे आपल्या हातात आहे ती फक्त शाळा सुटेपर्यंतची वेळ. बाईंनी हजेरी घेतली. फळ्यावर तारीख लिहिली आणि ती चुकली. पोरं खिदळली, 'बाई, आजची चूक! आजची चूक!' बाईही हसल्या. हसताना नाकावरचा चष्मा घसरला आणि तो सावरायला हात वर गेला तो तिथेच थांबला. हा चष्मा त्यांच्याच दुकानातला. त्यांनीच कानामागची काडी वाकवून बसवून दिलेला. 'दुखतंय का बाई? सांगा हं, संकोच करू नका.' किती हलका हात! बाईंना तेव्हा वाटलं होतं, नशीबवान हो पोरगी. तोच चष्मा घालून त्या दिवसभर वर्गाकडे बघत होत्या आणि कानामागे, त्याच जागी, काहीतरी टोचत होतं.

मधल्या सुट्टीत त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. मुख्याध्यापिकेच्या त्या खोलीत भिंतीवर ब्लॉगवरचाच तो पाठ चौकट करून टांगलेला, मुंगीच्या अक्षरासकट, लाल काकपदासकट. बाईंनी खुर्चीत बसायच्या आत सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हे, पण दुधाने तोंड पोळलेलं; मागे एकदा कुठल्या पालकाने त्यांना कोर्टापर्यंत ओढलं होतं. 'नाव आहे का त्या प्रतिक्रियेला?' 'नाही.' 'ती आता आहे तरी का?' 'मी पुसली.' 'म्हणजे हातात काहीच नाही. आणि उद्या ते गृहस्थ विचारतील, तर दाखवायला काय आहे? हे.' त्यांनी भिंतीकडे बोट केलं. 'तुमच्याच अक्षरात. मुलीने शब्द गाळला असं तुम्हीच तर जगाला सांगितलंत बाई. शेकड्याने शिक्षकांनी ते मुलांना शिकवलंय.' आपलेच दात, आपलेच ओठ. 'मग करू काय मी?' 'समुपदेशक परवा येतात. त्यांच्या कानावर घालू. तोवर नेहमीसारखं. उगाच साप साप म्हणून भुई धोपटायला नको.' 'आणि आज?' बाईंनी विचारलं. 'आज तिला घरी सोडायचं, त्याच माणसाबरोबर?' मोठ्या बाईंनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला. 'तुमची खात्री आहे का?' त्या म्हणाल्या. 'तेवढं मला सांगा. आहे खात्री?'

खात्री! दुपारभर तो शब्द बाईंच्या डोक्यात घुमत राहिला. खात्री तर त्या दिवशी होती, अगदी शंभर नंबरी, लाल शाईतली. आज होती ती नुसती भीती, आणि भीतीला पुरावा म्हणून कोण उभं करतं? समजा आपण चुकलो. समजा खरंच पोरीची चूक होती आणि प्रतिक्रिया कुणाची तरी टवाळी. मग एका भल्या माणसाच्या कपाळावर डाग लागेल, आणि तो लावणारे आपण. ब्लॉग बंद होईल, लोक थुंकतील तोंडावर. आणि समजा नाही चुकलो? तो माणूस या क्षणी दुकानात काचा पुसत असेल, फोन काढेल, वाचेल. 'मी तपासलं होतं.' पूर्णविराम तोही ओळखत असेल, बापच आहे. त्याला कळेल कुणी लिहिलंय ते. संध्याकाळी दार लागेल, आणि वाक्य पहिल्यासारखं होईल, काकपद न घालता. खडू तुटून दोनदा खाली पडला. त्या कविता शिकवत होत्या की भूगोल, त्यांनाच ठाऊक नव्हतं. एकदा वाटलं, उठावं आणि पोटात दुखतंय सांगून घरी जावं. परवा समुपदेशक येतीलच. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग त्यांनी दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. मुंगीने फळ्यावरचं लिहून काढलं होतं आणि ती बोट ठेवून तपासत होती.

शेवटचा तास खेळाचा. मुलं मैदानात पळाली तशी बाईंनी मुंगीला थांबवलं. वर्ग रिकामा झाला की त्याला एक वेगळाच वास येतो, घामाचा, पेन्सिलीच्या सालांचा. बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या; गुडघे वर आले, बाक लहान. काय विचारायचं ते त्यांनी दिवसभर घोकलं होतं आणि आता त्यातलं एक वाक्य जागेवर नव्हतं. 'मुंगे,' त्या म्हणाल्या, 'तुझ्या निबंधात मी एक शब्द घातला होता. तो माझा होता. तुला न विचारता घातला. तिथे तू लिहिलं होतंस ते कसं होतं?' मुंगीने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. 'बरोबर होतं,' ती म्हणाली. आवाज अक्षरासारखाच, बारीक आणि स्पष्ट. 'मी दोनदा तपासलं होतं बाई.' 'आणि ब्लॉगवर?' 'आईच्या फोनवरून लिहिलं. आईनेच दिला फोन. म्हणाली, नाव नको घालूस.' बाईंनी मान हलवली. मुंगी मग स्वतःहूनच म्हणाली, 'मला वाटलं, तुम्ही दुरुस्त केलंत.' 'वाक्य?' 'नाही. बाबांना. तुम्ही लाल पेनाने केलं, सगळ्यांनी वाचलं, बाबांनी पण वाचलं आणि ते हसले. मला वाटलं, आता तसंच होईल.' तिने पट्टा सोडला. 'पण नाही झालं. मग मी लिहिलं.'

बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं फार वाटलं, हात उचललासुद्धा, पण तो हात त्यांनी बाकावरच ठेवला. आज मिठी मारायचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. 'तू इथेच बस. मी दारात आहे, मला दिसतेस,' असं सांगून त्या व्हरांड्यात आल्या. तिथल्या फलकावर मुलांच्या मदतीचा फोन नंबर लावलेला होता. बाई रोज त्यापुढून जायच्या आणि त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला नाक मुरडायच्या. आज त्यांनी आकडे वाचले. पलीकडे एका बाईचा थकलेला, सरळ आवाज. मुलगी आत्ता कुठे आहे, कुणाबरोबर आहे, घरी आई सुरक्षित आहे का, असं तिने एकेक विचारलं. तुमची खात्री आहे का, हे तिने विचारलं नाही. 'आम्ही निघतो. आम्ही येईपर्यंत मुलीला कुणाबरोबरही पाठवू नका.' 'वडील आले तर?' 'कुणाबरोबरही नाही.' बाईंनी शिपायाला हाक मारून मोठ्या बाईंना बोलवायला धाडलं. तो जिना उतरतोय तोच सुट्टीची घंटा झाली आणि मैदानावरून पोरांचा लोंढा आत घुसला, दप्तरं उचलून, आरडाओरडा करून निघूनही गेला. व्हरांडा शांत झाला. मग जिन्यावर चपला वाजल्या. सावकाश, एकेक पायरी. लहानपणी तसा आवाज आला की धावत सुटणाऱ्या बाई आज मागे सरकल्या. वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

'फाटकात दिसली नाही, म्हटलं वर बघावं,' चष्मेवाले म्हणाले. शर्टाची घडी न मोडलेली, चेहऱ्यावर तेच मऊ हसू. एका हातात फोन. 'बाई, ब्लॉगवर कुणी काहीतरी खोडसाळपणा केला होता म्हणे. तुम्ही काढून टाकलंत, फार बरं केलंत. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.' मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. 'काडी सैल झालीय वाटतं. या उद्या दुकानात, बसवून देतो.' बाईंचा हात चष्म्याकडे गेला नाही. त्यांनी दाराची चौकट धरली होती. त्यांच्या खांद्यावरून आत बघत चष्मेवाल्यांनी दोन्ही हात पसरले. 'ये गं, आलो ना मी. बाबाला मिठी मार बघू. बाईंनाही बघू दे.' मागे बाक किरकिरला. मुंगी उठली होती. ती निघाली, दप्तर छातीशी धरून, पसरलेल्या त्या हातांकडे, घातलेल्या शब्दाकडे, बाईंच्याच अक्षरातल्या. बाईंना ते बघवेना. त्या दारात आडव्या झाल्या.

'ती येणार नाही,' त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांना आधी कळलंच नाही. मग ते हसले, पसरलेले हात तसेच. 'काय हे बाई! वाक्य अर्धवट वाटतंय. आज उशिरा येणार, का खेळायला थांबणार? तुम्हीच शब्द गाळायला लागलात तर पोरांनी काय करायचं?'

जिन्याच्या तळाशी शिपायाचा आणि मोठ्या बाईंचा आवाज येत होता, पण अजून लांबून. बाईंनी सकाळपासून पहिल्यांदाच जे म्हणायचं ते मनात एकदा वाचून घेतलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि परत एकदा.

'नाही,' त्या म्हणाल्या. 'शब्द गाळलेला नाही. मी तपासलंय.'